ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये नदीतले जंगली प्राणी जिवंत कसे पकडावेत

ड्वार्फ फोर्ट्रेस या खेळात बहुतेक जण आपला पहिला किल्ला नदीकाठी वसवतात आणि ते योग्यच आहे. नदीमुळे जखमी बुटक्यांना, म्हणजे किल्ल्यात राहणाऱ्या आपल्या पात्रांना, पाजायला पाणी मिळते, मासेमारी करता येते आणि पुढे पाणचक्क्या बसवून यंत्रे चालवता येतात. त्याच नदीत मात्र प्रदेशाच्या हवामानानुसार मगरी, पाणघोडे, पाणमांजरे, बीव्हर, कासवे आणि माणसाएवढे मोठे मासेही असतात. या प्राण्यांना मारणे तुलनेने सोपे आहे. त्यांना जिवंत पकडायचे असेल, तर खेळातील सापळा, पाणी आणि प्राण्यांचे वावरणे या तीन वेगवेगळ्या व्यवस्था एकमेकींत कशा गुंततात हे आधी समजून घ्यावे लागते. नवे खेळाडू बहुधा सगळे लक्ष सापळ्यावर देतात. माझ्या मते या तिन्हींत सापळा हा सर्वांत सोपा भाग आहे आणि खरे काम पाण्याच्या पातळीवर ताबा मिळवण्याचे आहे. म्हणून या लेखात पाण्याला सर्वाधिक जागा दिली आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. टार्न अॅडम्स आणि झॅक अॅडम्स या दोन भावांनी तयार केलेला हा खेळ ऑगस्ट 2006 मध्ये पहिल्यांदा सर्वांसाठी खुला झाला. तेव्हा संपूर्ण जग अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखवले जाई. डिसेंबर 2022 मध्ये किटफॉक्स गेम्स या प्रकाशक कंपनीने त्याची चित्रांसह असलेली आवृत्ती स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात आणली आणि तेव्हापासून हा खेळ पुष्कळ नव्या लोकांपर्यंत पोहोचला. यात खेळाडू कोणत्याही एका बुटक्याला हाताने हलवत नाही. तो फक्त कामे नेमून देतो आणि कोणते काम कोणी, केव्हा करायचे हे बुटके आपापल्या परीने ठरवतात. जग एकावर एक रचलेल्या थरांचे असून प्रत्येक थर चौकोनांत विभागलेला असतो. पुढील सर्व विवेचन या चौकोनांच्या आणि थरांच्या भाषेतच करावे लागेल.

पिंजऱ्याचा सापळा लावायला फक्त दोन वस्तू लागतात, एक यांत्रिक जोडणी आणि एक रिकामा पिंजरा. जोडणी मेकॅनिकच्या कार्यशाळेत एका दगडापासून घडवली जाते आणि पिंजरा सुताराकडे एका ओंडक्यापासून तयार होतो. पिंजरा धातूचा किंवा काचेचाही करता येतो, परंतु पकडण्याच्या दृष्टीने त्याने काहीच फरक पडत नाही. लाकडी पिंजऱ्यात अडकलेली मगर तो फोडून बाहेर येत नाही. सापळ्याच्या चौकोनात जंगली प्राण्याने पाऊल टाकले की तो पिंजऱ्यात बंद होतो, मग त्याचा आकार केवढाही असो. काही मोजके जीव सापळे चुकवू शकतात, पण नदीतल्या सामान्य प्राण्यांमध्ये ते बसत नाहीत. तुमचे बुटके आणि पाळीव जनावरे शुद्धीवर असेपर्यंत सापळ्यावरून निर्धास्त ये-जा करतात. बेशुद्ध होऊन सापळ्यावर कोसळलेला बुटका मात्र पिंजऱ्यात जाऊ शकतो. त्यामुळे नदीकाठी झटापट झाल्यानंतर एखादा बुटका दिसेनासा झाला, तर भरलेले पिंजरे तपासून पाहावेत.

या सापळ्याची सर्वांत मोठी मर्यादा अशी की तो एकदाच चालतो. एक प्राणी अडकला की बुटका येऊन भरलेला पिंजरा जनावरांच्या साठ्यात नेतो आणि त्या जागी दुसरा रिकामा पिंजरा बसवला जातो. हे होईपर्यंत तो चौकोन निरुपयोगी असतो. पाणघोड्यांसारखे कळपाने येणारे प्राणी एकामागून एक त्याच वाटेने गेले, तर पहिला अडकतो आणि बाकीचे बिनधोक पुढे सरकतात. म्हणून सापळे वाटेला आडवे पसरवण्यापेक्षा वाटेच्या दिशेने एकामागे एक असे तीन-चार तरी असावेत आणि साठ्यात रिकामे पिंजरे कायम शिल्लक असावेत. सापळ्याला कोणतेही आमिष लावता येत नाही. प्राणी स्वतःहून त्या चौकोनात आला तरच तो पकडला जातो. त्याला तिथे यायला भाग पाडणे, किंवा निदान तिथे येण्याची शक्यता वाढवणे, एवढेच खेळाडूच्या हाती असते.

आता प्राण्यांकडे वळू. पकडण्याच्या दृष्टीने नदीतल्या जीवांचे तीन गट पाडता येतात आणि प्रत्येकाची रीत निराळी आहे. पहिला गट बारीक माशांचा. खेळ त्यांना कीटक आणि उंदरांच्या पंक्तीला बसवतो, त्यांचा पिंजऱ्याच्या सापळ्याशी संबंध येत नाही आणि ते मासेमारीच्या कामातून हाती लागतात. त्यांचा विचार इथे करण्याचे कारण नाही. दुसरा गट मगर, पाणमांजर, बीव्हर, कासव अशा पाण्यात आणि काठावर दोन्हीकडे वावरणाऱ्या प्राण्यांचा आहे. तिसऱ्या गटात पाईक, स्टर्जन, कार्प यांसारखे मोठे मासे येतात, जे पाण्याबाहेर पडतच नाहीत आणि पडले तर हवेत गुदमरून मरतात. नदीत सध्या कोण आहे हे प्राण्यांच्या यादीत इतर जीवांच्या रकान्यात पाहता येते. खोदकाम सुरू करण्याआधी ही यादी पाहून घेतली, की आपल्याला दुसऱ्या गटाची तयारी करायची आहे की तिसऱ्या, हे निश्चित होते.

या कार्प माशाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण जुन्या खेळाडूंमध्ये त्याचा आजही वचक आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत एखादे कौशल्य सतत वापरले की शरीराची ताकद वाढत असे आणि पोहणे हेही कौशल्यच होते. मासा जन्मभर पोहतच असतो. परिणामी नदीतले कार्प अवाढव्य ताकदीचे होत आणि काठावर गळ टाकून बसलेल्या बुटक्यांचा जीव घेत. पुढे ही व्यवस्था बदलली आणि कार्प पूर्वीसारखा घातक राहिला नाही. मला हा प्रकार या खेळाचा स्वभाव सांगणारा वाटतो. इथे कार्पला मुद्दाम भयंकर केलेले नव्हते, दोन साधे नियम एकत्र आले आणि त्यातून ते आपोआप घडले. प्राणी पकडण्याची युक्तीसुद्धा अशीच, दोन-तीन साधे नियम एकत्र आणून साधावी लागते.

दुसऱ्या गटातील प्राण्यांसाठी पाण्यात उतरण्याची गरज नसते. मगर काठावर येते, तेव्हा काठावरच सापळे लावले की काम भागते. फक्त नदीचा संपूर्ण काठ सापळ्यांनी भरून काढणे परवडणारे नाही, म्हणून काठाचा बराचसा भाग भिंतींनी बंद करून एक-दोन ठिकाणी अरुंद वाट ठेवावी आणि त्या वाटेवर एकामागे एक सापळे मांडावेत. जिथे बुटके पाणी भरायला किंवा मासे धरायला येतात ती जागा याकरिता सर्वांत चांगली, कारण तिथे आपल्याला संरक्षण हवेच असते. ओढ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. लहान ओढ्याच्या पृष्ठभागावरून या खेळात चालता येते आणि पाणी त्याच्या खालच्या थरात असते. त्यामुळे ओढ्याच्या बाबतीत काठ हा अडथळा राहत नाही, तो कुठूनही ओलांडता येतो आणि अरुंद वाट तयार करण्यासाठी ओढ्याच्या दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो.

खरी कसोटी तिसऱ्या गटात लागते. पाणी भरलेल्या चौकोनात सापळा बांधता येत नाही. जागा कोरडी असताना बांधलेला सापळा मात्र नंतर पाण्याखाली गेला तरी काम करतो. यातून मार्ग स्पष्ट होतो. आधी कोरडी जागा तयार करायची, तिथे सापळे लावायचे, मग पाणी आत घ्यायचे, मासे आत येऊ द्यायचे आणि शेवटी पाणी बाहेर काढून पिंजरे उचलायचे. पाण्याखालच्या पिंजऱ्यापर्यंत बुटका जाऊ शकत नाही, त्यामुळे पाणी बाहेर काढण्याची सोय नसेल तर पकडलेला मासा हाती येतच नाही. आत येणाऱ्या पाण्याचा विचार सगळे करतात. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा विचार पुष्कळदा राहून जातो आणि इतकी मेहनत करून खोदलेला कालवा एकदा भरला की तसाच पडून राहतो.

या खेळात प्रत्येक चौकोनातील पाण्याची खोली 1 ते 7 अशी मोजली जाते. 7 म्हणजे चौकोन काठोकाठ भरलेला. 3 किंवा त्याहून कमी पाण्यातून बुटके चालत जातात आणि 4 पासून पुढे त्यांना पोहावे लागते, म्हणून कामाच्या वाटेवर इतके पाणी असेल तर ते तिकडे फिरकत नाहीत. खोली 1 एवढी उरलेली पाण्याची पातळ साय काही काळाने वाळून जाते. यावरून आपले उद्दिष्ट नेमके ठरते. मासा पोहत आत यावा यासाठी पाणी 7 च्या आसपास हवे आणि पिंजरा उचलण्यासाठी ते 3 किंवा त्याहून खाली आणायला हवे. पूर्ण कोरडे करण्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही. नदीचे पाणी नकाशाच्या कडेवरून सतत येत राहते आणि ते कधीही संपत नाही, त्यामुळे आत येण्याचा मार्ग बंद केल्याशिवाय कितीही मोठा निचरा केला तरी पातळी उतरणार नाही.

आता एक रचना प्रत्यक्ष बांधून पाहू. नदीचे पाणी साधारणपणे जमिनीच्या पृष्ठभागापासून एक थर खाली असते. त्याच थरावर, काठापासून एक चौकोन सोडून, एक चौकोन रुंद आणि सुमारे पंधरा चौकोन लांब असा बोगदा आतून खोदावा. बोगदा नदीच्याच थरावर असणे महत्त्वाचे आहे, कारण त्यापेक्षा खाली खोदला तर पाण्याचा दाब निर्माण होतो आणि जिन्याच्या वाटेने पाणी वर चढून किल्ल्यात शिरू शकते. बोगद्याच्या नदीकडील टोकाला एक फ्लडगेट, म्हणजे लिव्हर (दांडा) ओढून उघडता-मिटता येणारे पाण्याचे दार, बसवावे. त्याच्या आत ओळीने दहा सापळे मांडावेत. सापळ्यांच्या पलीकडे उभी जाळी बसवावी, जिच्यातून पाणी जाते पण प्राणी जात नाही. जाळीनंतर दुसरे फ्लडगेट आणि त्यापुढे निचऱ्याचा मार्ग ठेवावा. बुटक्यांनी आत येण्यासाठी बोगद्याच्या छतातून एक जिना वर काढावा आणि त्याच्या तोंडावर झाकण बसवून ते कुलूपबंद ठेवावे, नाहीतर माशांसाठी खोदलेल्या वाटेने एखादी मगर थेट किल्ल्याच्या आत पोहोचेल.

साहित्याचा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा. दहा सापळ्यांना दहा जोडण्या आणि दहा पिंजरे लागतात. दोन्ही फ्लडगेट वेगवेगळ्या लिव्हरवर हवीत. एक लिव्हर उभारायला एक जोडणी लागते आणि तो लिव्हर फ्लडगेटला जोडायला आणखी दोन, म्हणजे एका फ्लडगेटमागे तीन आणि दोघांमागे सहा. अशा एकूण सोळा जोडण्या झाल्या. याशिवाय रिकामे झालेले सापळे पुन्हा भरण्यासाठी पाच-सहा पिंजरे जादा ठेवावेत. लिव्हर ओढल्यानंतर फ्लडगेट लगेच हलत नाही, त्याला थोडा वेळ लागतो. शिवाय आज्ञा दिल्यानंतर कोणीतरी बुटका हातातले काम संपवून लिव्हरपर्यंत चालत जाणार असतो, त्यामुळे मासा आत दिसल्यावर दार बंद करण्याची घाई उपयोगाची ठरत नाही. म्हणूनच बोगदा लांब ठेवायचा आणि सापळे आतल्या बाजूला दाट लावायचे, म्हणजे दार बंद होण्याच्या वेळेवर काही अवलंबून राहत नाही. मासा सापळ्यात गेला की त्याचे निसटणे संपले, दार मग सवडीने बंद झाले तरी चालते.

निचऱ्यासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे नकाशाची कड. बोगदा खोदत नकाशाच्या अगदी टोकापर्यंत न्यायचा, कडेची दगडी भिंत गुळगुळीत करायची आणि तिच्यात तटबंदीच्या झरोक्यासारखी खाच कोरायची. त्या खाचेतून पाणी नकाशाबाहेर निघून जाते आणि ते कायमचे जाते. बांधकाम दूरवर करावे लागते, पण एकदा केले की पुन्हा त्याकडे पाहावे लागत नाही. दुसरा पर्याय स्क्रू पंपाचा आहे. हा पंप खालच्या थरातील पाणी उचलून आपल्या थरावर दुसऱ्या बाजूला टाकतो आणि तो बुटक्याकरवी हाताने किंवा पाणचक्कीच्या शक्तीवर चालवता येतो. पंपाने उपसलेले पाणी पुन्हा नदीत सोडता येते हा त्याचा फायदा. मात्र बुटका दमला, तहानला की पंप थांबतो आणि पाणी आहे तिथेच राहते. खाली मोठी गुहा सापडलेली असेल तर तिच्यात पाणी सोडण्याचा मोह होतो. गुहेतल्या जीवांना किल्ल्याकडे येणारी नवी वाट त्यातून मोकळी होऊ शकते, म्हणून तसे करायचे झाल्यास मध्ये जाळी हवीच.

सगळ्यात नाजूक क्षण नदी आणि बोगदा यांच्यामधला शेवटचा चौकोन फोडण्याचा असतो. खाणकाम करणाऱ्याने बोगद्यातून आडवा तो चौकोन फोडला, तर पाणी त्याच्याच अंगावर येते. त्याऐवजी नदीकडचे फ्लडगेट बंद ठेवून तो चौकोन वरून, जमिनीच्या पृष्ठभागावर उभे राहून खाली खणावा. खणणारा वरच्या थरावर कोरड्या जागी उभा असतो, खालचा चौकोन मोकळा होतो आणि पाणी फ्लडगेटपर्यंत येऊन थांबते. असे खणल्यावर खाली एक उतार उरतो आणि वर उघडे भोक राहते. ते भोक फरशी बांधून बुजवावे, कारण त्या उतारावरून पाण्यातला प्राणी जमिनीवर येऊ शकतो. जिथे हिवाळ्यात नदी गोठते तिथे हे काम हिवाळ्यात करणे जास्त सुरक्षित असते. फक्त एक लक्षात ठेवावे की ज्या चौकोनातले पाणी गोठते, त्या चौकोनात असलेला प्राणी मरतो. अशा प्रदेशात पकडण्याचे काम थंडी येण्याआधीच उरकायला हवे.

एवढे सगळे केल्यावर मासे येतीलच याची खात्री नसते. ते नदीत दिशाहीन फिरतात आणि काही काळाने नकाशाबाहेर निघून जातात, मग त्यांच्या जागी दुसरे येतात. शक्यता वाढवायची असेल तर बोगद्याचे तोंड रुंद ठेवावे. नदीकडची बाजू तीन-चार चौकोन रुंद, प्रत्येक चौकोनात एक फ्लडगेट आणि ती सर्व एकाच लिव्हरला जोडलेली, अशी मांडणी केली तर मासा आत वळण्याचा संभव बराच वाढतो. त्याप्रमाणात जोडण्याही वाढतात, कारण एकच लिव्हर असला तरी प्रत्येक फ्लडगेटमागे दोन जोडण्या लागतातच. संपूर्ण नदी अडवून तिच्या तळाशी सापळे लावण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. ते शक्य आहे, परंतु त्यासाठी पंपांची रांग आणि बुटक्यांचे अनेक महिन्यांचे श्रम खर्ची पडतात. बाजूचा कालवा खोदून वाट पाहणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

पकडलेल्या माशाचे पुढे काय होते? पिंजऱ्यातला मासा कोरड्या साठ्यातही जिवंत राहतो, कारण पिंजऱ्यात असलेल्या जीवावर बाहेरच्या चौकोनात पाणी आहे की हवा याचा परिणाम होत नाही. त्याला वेगळ्या हौदात ठेवायचे असेल, तर पिंजरा हौदाच्या तळाशी बसवून लिव्हरला जोडावा, हौद भरावा आणि मग लिव्हर ओढावा. बुटक्याने प्राण्याला हाताने हौदात नेऊन सोडण्याचीही सोय खेळात आहे. घातक प्राण्यांच्या बाबतीत मी ती वापरत नाही, कारण नेताना तो सुटला तर ज्याच्या हातून सुटला त्याच्यावरच प्रथम उलटतो. काही बुटक्यांना विशिष्ट प्राणी मनापासून आवडतात आणि तो प्राणी किल्ल्यात पाहून ते सुखावतात, त्यामुळे हौदाला केवळ शोभेचे काम मानू नये.

पकडलेला जंगली प्राणी थेट खाटिकखान्यात नेता येत नाही, आधी तो माणसाळवावा लागतो. त्यासाठी प्रशिक्षणाचा विभाग आखावा लागतो, प्रशिक्षक नेमावा लागतो आणि प्राण्याच्या आहारानुसार अन्न हाताशी ठेवावे लागते. मगरीसारख्या मांसाहारी प्राण्याला मांस किंवा मासे लागतात. प्रत्येक जातीला प्रशिक्षण देता येत नाही, पण मगरीला देता येते आणि नदीतून पकडण्याजोग्या प्राण्यांत माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. ती अंडी घालते, तीही एका खेपेला डझनावारी. नर आणि मादी अशी जोडी मिळाली आणि त्यांच्या कोंडवाड्यात अंड्यांसाठी घरटे ठेवले, की कालांतराने किल्ल्याला मांस, कातडे आणि हाडांचा नियमित पुरवठा सुरू होतो. एका प्रदेशातील जंगली प्राण्यांची संख्या मर्यादित असते आणि सतत पकडत राहिले तर ती जात तिथून नाहीशी होते. त्यामुळे सापळ्यांवर वर्षानुवर्षे विसंबण्यापेक्षा एक जोडी मिळताच पैदाशीकडे वळणे हिताचे आहे.

पैदाशीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. घरट्यातली अंडी दिसली की बुटके ती स्वयंपाकघरात नेतात, म्हणून उबवायची अंडी त्यांच्यासाठी वर्ज्य करावीत किंवा कोंडवाड्याचे दार कुलूपबंद ठेवावे. दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. नदीतून पकडलेली मगर एकदा माणसाळवली म्हणून कायमची शांत राहत नाही. प्रशिक्षण पुन्हा पुन्हा दिले नाही तर ती हळूहळू मूळ स्वभावावर जाते आणि कोंडवाड्यातच हल्ला करू शकते. तिच्या पिलांना मात्र लहानपणापासून प्रशिक्षण दिले तर ती कायमची पाळीव होऊ शकतात. त्यामुळे पहिली अंडी फुटताच प्रशिक्षकाला बाकीच्या कामांतून मोकळे करून पिलांवर नेमावे आणि पकडून आणलेल्या जोडीचा कोंडवाडा पिलांपासून वेगळा ठेवावा.